रिक्तिका

औशाच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या नळाला
मार्चपासून नुसता खोकला येतो.
मी परिचर. सव्वीस वर्षं काचपट्ट्या धुतोय बादलीत,
आणि धुवण फेकत नाही,
खिडकीतल्या रिओच्या कुंडीत ओततो.
वरून हिरवी, खालून जांभळी पानं.
प्रॅक्टिकलच्या आठवड्यात तिचंच पान तोडावं लागतं,
तेही मीच तोडतो.

फळ्यावर बिडवे मॅडमनी पेशी काढली.
हा कारखाना, म्हणाल्या,
तंतुकणिका वीजघर, गॉल्जी पिंड पॅकिंग विभाग,
केंद्रक म्हणजे साहेबांची केबिन.
मी मागं बीकर पुसत होतो.
कारखाना पाहिलाय मी, मॅडम.
दोन हंगाम साखरेची पोती शिवलीत.
भोंगा होतो, पाळी सुटते,
माणसं चाकातली हवा बघून सायकलीवर टांग टाकतात.
हिला भोंगा नाही.
हिच्यातलं कुणी घरी जात नाही.

लयकारिकांपुढं पुस्तकात लिहिलंय : आत्मघाती पिशव्या.
पोरं तेवढंच अधोरेखित करतात.
जुनं, तुटकं, निकामी झालेलं उचलायचं,
मोडून त्याचे तुकडे पुन्हा कामाला लावायचे,
जन्मभर एवढंच करतात त्या,
आणि नाव पडलं
ते एका दिवसाचं.

बारसं करणाऱ्यानं रिक्तिकेलाही असंच फसवलं.
रिक्त म्हणजे रिकामी.
आणि भिंगाला डोळा लावावा तर
सगळ्यात मोठी जागा तिची,
काठोकाठ पाणी,
पानाचा जांभळा रंग त्याच पाण्यात विरघळलेला.
बाकीचे सगळे, साहेबसुद्धा, कडेला सरकलेले,
पंगत उठेपर्यंत भिंतीला टेकून राहिलेल्या
पाहुण्यांसारखे.
पान ताठ असतं ते
हाड असल्यामुळं नाही,
आतून भिंतीला लागलेल्या ह्या रेट्यामुळं.

तहसीन पटवेगार, नववी ब,
तिनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला.
जांभळं आक्रसलं.
भिंत जागच्या जागी,
आत मात्र मूठभर गोळा उरला, भिंतीपासून सुटलेला.
"मामा, मरूलाली का वो ही?"

शुद्ध पाण्याची बाटली उलटी केली.
सकाळच्या तुकडीनं संपवलेली.
तहसीननं दप्तरातून आपली काढली,
घरच्या बोअरचं पाणी,
ज्यात डाळ शिजत नाही,
साबणाला फेस येत नाही,
चहा फुटतो.
"हे चालंल का?"
मॅडम ऑफिसात होत्या.
टाक, म्हणालो.

एका कडेनं थेंब.
दुसऱ्या कडेला मी टीपकागदाचा तुकडा धरला,
खारं पाणी ओढून घ्यायला.
काही नाही.
पोरीनं श्वास रोखलेला, माझं मनगट अवघडलेलं.
सहाव्या तासाची घंटा झाली, कुणी उठलं नाही.
मग ती म्हणाली, "कड हलली."
मला बघू दे, म्हणायचा माझा हक्क नव्हता,
तिनंच बाजूला होऊन जागा दिली.

हलत होती.
आधी एक कोपरा, मग दुसरा,
जांभळं सावकाश पसरत भिंतीला जाऊन टेकलं.
शेजारचीतही. तिच्या शेजारी.
पाणी कुठल्या बोअरचं
हे कुणीच विचारलं नाही.
सगळ्या नाही आल्या परत.
चार-पाच तशाच आखडून राहिल्या,
तहसीननं त्याही वहीत काढल्या,
पेन्सिलीला टोक करून.

शाळा सुटल्यावर काचपट्ट्या धुतल्या.
बादली उचलून कुंडीपाशी गेलो
आणि हात थांबला :
आजचं धुवण खारं.
ते मागच्या मोरीत नेऊन टाकलं,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

टेबलावर तहसीनची बाटली राहिलेली.
तळाशी घोटभर.
झाकण उघडलं, परत लावलं,
फडताळात उभी करून ठेवली.
उद्या तिला विचारून ओतीन.